सांगितलें, लिहिलें आणि राहिलें

नेवासें हें आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील प्रवरातीरचें क्षेत्र ज्ञानेश्वरीमुळें सर्व महाराष्ट्रास वंद्य झालें आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं येथें गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनीं तो लिहून घेतला. सांगणारा एक व लिहिणारा दुसरा असला म्हणजे दोघांच्या वेगाचा मेळ घालावा लागतो. महाभारताच्या प्रचलित पाठांतील व्यास-गणपतींची कथा याच अडचणीवर रचलेली दिसते. लेखणी थांबतां कामा नये ही गणपतीची अट. अर्थ समजल्यावांचून अक्षर लिहूं नये ही व्यासांची उलट अट. कूट श्लोकापाशीं गणपति क्षणभर विचारांत पडे, तेवढ्यांत व्यास पुढील श्लोक रचून ठेवीत.

हाच प्रश्न आज घरोघरच्या संगणकांत उभा आहे. तेथें विचार करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, एका सेकंदांत अब्जावधि क्रिया उरकतो. उलट, फिरत्या तबकडीवर लेखनाची नेमकी जागा गांठावयास सेकंदाचे कांहीं सहस्रांश लागतात. एवढ्या अवधींत प्रोसेसरच्या लक्षावधि क्रिया होऊन जातात. येथें सांगणारा अतिशय चपळ आणि लिहिणारा मंद आहे.

प्रोग्रॅम रचणारे लोक नित्याचीं कामें दर वेळीं नव्यानें रचीत नाहींत. तयार घटकांचा संग्रह ते हाताशीं ठेवतात. त्यास लायब्ररी म्हणतात. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ पद्धतींत या संग्रहाची मांडणी एकत्र कुटुंबासारखी असते. कोठीची किल्ली एकीपाशीं, जमाखर्चाची वही दुसऱ्यापाशीं, आणि ज्याचें काम त्यासच सांगावयाचें. तेथील प्रत्येक वस्तु आपली सामग्री व आपलें काम स्वतःपाशीं ठेवते. फाइल ही त्यांपैकींच एक. तिला ‘एवढें लिही’ म्हणून सांगितलें कीं पुरे.

सांगण्याच्या रीति दोन आहेत. पहिलींत लेखन पुरें होईपर्यंत सांगणारा स्वस्थ उभा राहतो. दुसरीस ‘असिंक्रोनस’ म्हणतात. तींत मजकूर सोंपवून सांगणारा दुसऱ्या कामास लागतो आणि त्याच्या हातीं तत्काळ एक वचनचिठ्ठी येते. जावा भाषेंत २०११ सालीं ही सोय फाइलींसाठीं झाली. तेथें या चिठ्ठीस ‘फ्यूचर’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेंत २०१२ सालीं ‘टास्क’ नांवाच्या चिठ्ठीची वाट पाहण्यासाठीं ‘अवेट’ हा शब्द आला. काम पुरें होतांच पुढें काय करावें हेंही आगाऊ सांगून ठेवतां येतें.

या रीतीनें वेळ वांचतो, परंतु कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. लिहावयास दिलेला कागद लेखन संपण्यापूर्वीं ओढून घेऊन त्यावर दुसरा मजकूर खरडूं नये. तसें केल्यास कोणता मजकूर उतरेल याचा नेम नाहीं. दोन लेख एकाच जागीं एकदम सोंपवूं नयेत. आणि मुख्य म्हणजे चिठ्ठी कधींही विसरूं नये. जागा संपली, लेखन अडलें, तर ती वार्ता त्या चिठ्ठींतच मिळते. जो ती उलगडून पाहत नाहीं, त्यास आपलें लिहिलें गेलें असा भ्रम राहतो.

चिठ्ठी ‘झालें’ म्हणाली तरी एक पायरी उरते. संगणकाची व्यवस्था मजकूर कित्येकदां आपल्या तात्पुरत्या स्मरणांत धरून ठेवते व सवडीनें तबकडीवर उतरविते. मधेंच वीज गेली तर तें स्मरण पुसलें जातें. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणीं ‘आतां प्रत्यक्ष उतरव’ अशी निराळी आज्ञा द्यावी लागते. जावांत तिचें नांव ‘फोर्स’ आहे. सांगितलें, लिहिलें आणि राहिलें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी आज उपलब्ध नाहीं. प्रतींवरून प्रती होतां होतां पाठ बिघडले, तेव्हां एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ओवी आपणांपर्यंत आली ती असें कोणीतरी ताडून पाहिलें म्हणून.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे असें कोणी समजूं नये. आजोबांचीं छायाचित्रें किंवा मुलीच्या प्रवेशाचे कागद पेनड्राइव्हवर घेतांना पडद्यावर काम संपलेलें दिसतें आणि आपण ती कांडी उपटतों. आंत लेखन चालूच असलें तर तीं छायाचित्रें अर्धवट राहतात. कांडी काढावयाची आज्ञा संगणकास आधीं द्यावी, त्याची अनुमति मिळूं द्यावी, आणि मूळ प्रत पुसण्यापूर्वीं नवी प्रत उघडून पाहावी. यास लागणारा वेळ दोन मिनिटांहून अधिक नाहीं. गेलेलें छायाचित्र मात्र कोणासही परत काढतां येत नाहीं.