पदवी आणि पाळणा

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या घरी कधी कधी दुहेरी आनंद येतो. नागपूर विद्यापीठाचे पदवीपत्र हाती पडते आणि त्याच महिन्यात पाळणाही बांधला जातो. हे दोन्ही मंगल प्रसंग एकाच व्यक्तीचे, म्हणजे घरच्या सुनेचे किंवा माहेरी आलेल्या लेकीचे, असू शकतात. अशा वेळी बारशाची पंगत थाटाने उठते. पदवीची वार्ता मात्र पेढ्यांच्या पुड्याबरोबरच संपते. हे उचित होय काय?

परंपरेने या दोन प्रसंगांत असा उणे-अधिक भाव केलेला नाही. सोळा संस्कारांत नामकरण आयुष्याच्या आरंभी येते, तर समावर्तन विद्याध्ययनाच्या अखेरीस. गुरुगृहीचे अध्ययन पुरे झाले म्हणजे शिष्याला विधिपूर्वक स्नान घडे, म्हणून तो 'स्नातक'. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मणाच्या माथी जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्यपूर्वक अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. विद्या आणि संतती या दोहोंचा मान तेथे बरोबरीचा आहे. पुढे मात्र स्त्रियांना आणि बहुजनांना विद्येचे दार बंद झाले, आणि स्त्रीच्या वाट्यास एक पाळणाच काय तो उरला.

ते दार उघडण्यास किती मोल पडले, हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळते. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. बारशाचा दिवस उजाडलाच नाही. त्या दुःखातून वैद्यकविद्येचा निश्चय दृढ झाला. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियास त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली; पंडिता रमाबाई त्या समारंभास हजर होत्या. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाईंचा अंत झाला.

भंडाऱ्याकडेही विद्या सहज हाती येत नव्हती. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी नागपूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांस बसत. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते, १९९९ मध्ये ते निराळे झाले. महाविद्यालय घराजवळ आले, तेव्हा कोठे मुलीला परगावी कसे धाडावे ही आईबापांची अडचण कमी झाली.

तेव्हा समारंभ दोहोंचाही व्हावा. बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्यानेच आईची पदवी चारचौघांत सांगावी. बाळंतिणीस पाटावर बसवून ओवाळावे, ओटी भरावी आणि पाळण्याशेजारी पदवीपत्र मांडावे. चिन्नोर तांदळाची खीर दोन्ही आनंदांना पुरेल. गर्दी मात्र बेताची असावी. बाळाला घेणाऱ्याने हात स्वच्छ धुवावे, खोलीत धुरी नसावी आणि कौतुकाने मधाचे बोट कोणी चाटवू नये. वर्षाआतील अर्भकास मध अपायकारक ठरू शकतो. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरे.

परंतु खरा सत्कार पंगतीनंतरचा आहे. उद्या ती पुढील अभ्यासास किंवा नोकरीस निघाली, तर बाळाजवळ कोण बसेल, याचा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच दिवशी करावा. नाहीतर पदवीपत्र चौकटीत राहते आणि विद्या माजघरात.

सहाव्या रात्री सटवाईच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल आहे. बाळाचे भाग्य त्या रात्री लिहिले जाते, अशी समजूत. नाव ठेवण्याच्याही आधी ज्या घरात लेखणी मांडली जाते, त्या घराने लेखणी चालवून दाखविणाऱ्या आईला विसरू नये. त्या कोऱ्या कागदावर काय उमटेल, हे पुष्कळ अंशी तिच्याच हाती असते.