सतरा वर्षे, साडेतीन टन आणि एक घोडा

मराठीत घोडागाडी म्हटली की घोडा पुढे आणि गाडी मागे. इथे इंग्लंडमध्ये उलटी गंगा. घोडा गाडीत आरामात उभा राहून गवत खातो आणि माणूस त्याला ओढून नेतो! आपल्या मंडळातल्या बऱ्याच मुली आता पोनी क्लबात जातात. लहानपणी त्यांना नेणे-आणणे आईबाबांकडे असते. पण मुलगी सतरा वर्षांची झाली, ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली, की प्रश्न येतो, "बाबा, पुढच्या शनिवारी हॉर्सबॉक्स मी चालवू?" आणि बाबांना उत्तर माहीत नसते. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न इतक्या घरांतून माझ्याकडे आला (इंजिनिअर म्हटला की त्याला सगळे कळते, असा आपल्याकडे समज आहेच), की एकदा नीट लिहूनच काढावे असे ठरवले. हे नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा.

आधी आपला घोळ निस्तरू या

भारतातल्या कायद्यात 'लाइट मोटर व्हेइकल' म्हणजे ७,५०० किलोपर्यंतची गाडी. त्यामुळे आपल्या डोक्यात 'कारचे लायसन्स म्हणजे छोटा टेम्पोही आलाच' असे पक्के बसलेले असते. इथे तसे नाही. इथल्या कारच्या लायसन्सवर, म्हणजे बी वर्गावर, साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण तीही लहान, याच मर्यादेतली. पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते.

यात एक गमतीची तारीख आहे, १ जानेवारी १९९७. त्याआधी ज्यांनी इथे कारची टेस्ट पास केली, त्यांना सी-वन वर्ग, म्हणजे साडेसात टनांपर्यंतचा ट्रक चालवण्याचा हक्क, आपोआप मिळाला. त्यानंतरच्यांना नाही. म्हणजे सत्तरच्या दशकात आलेले आपले काका, ज्यांनी जन्मात घोड्याला हात लावला नाही, ते चार घोड्यांचा ट्रक कायदेशीर चालवू शकतात. आणि मी, शिकून सवरून नंतर आलेला, नाही! मात्र काकांनीही लक्षात ठेवावे, की सत्तराव्या वर्षी हा हक्क आपोआप पुढे चालू राहत नाही. वेगळा अर्ज आणि डॉक्टरी तपासणीचा फॉर्म लागतो. कारचे लायसन्स नुसते रिन्यू केले, तर सी-वन गेले.

वजन कुठले धरायचे?

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. कायदा बघतो ते गाडीचे आजचे वजन नव्हे, तर पाटीवरचे जास्तीत जास्त मंजूर वजन. साडेसात टनांचा ट्रक रिकामा असला, आत साधी गवताची पेंढीही नसली, तरी तो साडेसात टनांचाच. "रिकामाच तर आहे, पलीकडच्या शेतात नेऊन लावते," हे चालत नाही.

ही पाटी बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली असते. तिच्यावर साधारणपणे चार आकडे असतात: गाडीचे एकूण वजन, ट्रेलरसकट वजन, पुढच्या आसाचे आणि मागच्या आसाचे. पहिला आकडा ३,५०० किंवा कमी असेल, तर सतराव्या वर्षी, पूर्ण लायसन्स हातात आल्यावर, ती गाडी चालवता येते.

आता गणित

कायद्याने परवानगी दिली, पण खरे घोडे पेंड खाते ते इथेच. बाजारात साडेतीन टनांचे हॉर्सबॉक्स 'दोन घोड्यांचे' म्हणून विकतात. दोन घोडे मावतात हे खरे. पेलतात का, हे वेगळे. उदाहरण घेऊ.

समजा, डिझेल भरलेली पण रिकामी गाडी २,४५० किलो आहे. उरले १,०५० किलो. आपली मुलगी आणि तिची मैत्रीण मिळून १३० किलो. खोगिरे, लगाम, घोंगड्या ४०. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. गवत नि बाकी किडुकमिडुक २०. उरले ८२० किलो. मध्यम बांध्याचा एक घोडा ५०० किलोचा धरला, तर शिल्लक ३२०. म्हणजे दुसरा आला तर छोटा पोनीच यायला हवा. दोन्ही ५०० किलोचे चढवले, तर गाडी ३,६८० किलो भरते, १८० किलो जास्त. दिसायला जेमतेम पाच टक्के, पण कायद्याच्या दृष्टीने ओव्हरलोड तो ओव्हरलोडच. जागच्या जागी होणारा दंड १०० ते ३०० पौंड, जादा वजनाच्या प्रमाणात. फारच जास्त असेल तर कोर्ट. आणि गाडी तिथेच थांबवली, तर हमरस्त्याच्या कडेला घोडा उतरवून ठेवायचा कुठे?

दंड परवडेल एक वेळ. पण टायर, ब्रेक, आस हे सगळे त्या पाटीवरच्या आकड्यासाठी बनवलेले असतात. शिवाय हा माल जिवंत आहे. तो वळणावर कलतो, घाबरला तर लाथा झाडतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलेच भौतिकशास्त्र. एवढे ओझे घेऊन पहिल्यांदा ब्रेक दाबणारी मुलगी सहा महिन्यांपूर्वी छोट्या हॅचबॅकवर शिकलेली असते.

म्हणून माझा आग्रह आहे, की एकदा सगळ्या सामानासकट, घोड्यासकट गाडी वजनकाट्यावर न्या. उसाच्या गाड्यांचा काटा आठवतो ना, तसलाच. थोडे पैसे पडतात, पण कायमची शंका मिटते.

ट्रेलरचा पर्याय आणि मोठा ट्रक

१९९७ नंतर पास झालेल्यांना घोड्याचा ट्रेलर ओढायला बहुतेक वेळा वेगळी टेस्ट द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. आता कारच्या पूर्ण लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, सतराव्या वर्षीसुद्धा. पण आपली कार किती ओढू शकते ती मर्यादा वेगळी, ती मोडायची नाही. आणि टेस्ट गेली म्हणून शिकायची गरज गेली नाही. ट्रेलर मागे घेणे ही कला आहे, उजवीकडे वळवावे तर तो डावीकडे जातो.

साडेतीन टनांच्या वर जायचे, तर सी-वन. किमान वय अठरा. आधी कारचे पूर्ण लायसन्स, मग डॉक्टरी तपासणी, सी-वनचे प्रोव्हिजनल, थिअरी आणि शेवटी प्रत्यक्ष परीक्षा. फक्त हौसेसाठी, स्वतःचा घोडा नेणाऱ्याला धंदेवाईक ड्रायव्हरचे जादा प्रशिक्षण लागत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचे घोडे नेऊ लागलात, की नियम बदलले.

खरा धोका: सहा पॉइंट

नवीन ड्रायव्हरला पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट मिळाले, तर लायसन्स रद्द. परत प्रोव्हिजनल, परत थिअरी, परत टेस्ट. विमा नसताना गाडी चालवली, तर एका फटक्यात किमान सहा पॉइंट मिळतात. आता असे बघा: मैत्रिणीची आई म्हणते, "घेऊन जा ग आमचा बॉक्स." मुलगी जाते. पण त्या विम्यात तिचे नाव नाही, किंवा पंचवीस वर्षांखालचा ड्रायव्हर चालत नाही अशी अट आहे. पोलिसांनी थांबवले, तर मुलीचे लायसन्स गेले. आणि विमा नसताना चालवू देणे हाही गुन्हा असल्याने गाडी देणाऱ्यावरही पॉइंट येतात. मैत्रीखातर केलेले काम दोन घरांना महागात पडते.

वेगाचेही तेच. असा हॉर्सबॉक्स मालवाहू गाडीत मोडतो. जिथे कारला ६० मैल, त्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर याला ५०. जिथे कारला ७०, त्या दुभाजकाच्या रस्त्यावर ६०. मोटरवेवर मात्र ७०. कॅमेऱ्याला वय दिसत नाही.

तर मग "हो" म्हणायचे का?

माझे मत, जरूर म्हणा, पण पायरीपायरीने. पहिले काही दिवस रिकामी गाडी, शेजारी अनुभवी माणूस. मग घोडा घेऊन ओळखीचा, जवळचा रस्ता. विम्याचा कागद तिने स्वतः वाचावा. वजनाचा हिशोब तिने स्वतः मांडावा. निघण्यापूर्वी रबराची चटई उचलून खालची जमीन कुजली नाही ना, हेही तिनेच बघावे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आयांना सायकल शिकायलाही घरात भांडावे लागले होते. आता मुलगी पहाटे पाचला उठून, घोडा धुऊन, तीस मैल गाडी हाकत स्पर्धेला जायचे म्हणते. नियमांची भीती पुढे करून तिला अडवू नका. नियम हातात देऊन पाठवा. उन्हाळ्याच्या स्पर्धा आल्याच, घोडामैदान जवळच आहे. पाटीवरचा आकडा मात्र या आठवड्यातच बघून ठेवा.