साथीच्या दिवसांत पाळणाघर

दूधगंगेकाठच्या सदलग्यात किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारींभोवती मजुरीस जाणारी माता आपले तान्हे मूल कोणापाशी ठेवते? बहुधा आजीपाशी. पाळणाघर हा शब्द आमच्याकडे शहरातून आला, आणि मुले सांभाळण्याचे पैसे घ्यावेत ही कल्पना अजूनही पुष्कळांना जड वाटते.

मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि हा प्रश्न निराळ्याच रूपाने पुढे आला. अंगणवाड्या बंद झाल्या. कर्नाटकात त्या नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा उघडू लागल्या. रोगाचा मोठा घाला वृद्धांवर होता. म्हणजे जी आजी नातवंडे सांभाळी, तिलाच जपणे प्राप्त झाले. पाळणाघराची गरज वाढली ती नेमकी अशा वेळी, जेव्हा मजुरी बुडाल्याने मातेच्या पदरी पैसा उरला नव्हता.

अशा वेळी पाळणाघर काढणाऱ्या भगिनीचा हिशेब, वाचकहो, मांडून पाहा. एरवी दहा मुले मावतील अशा खोलीत अंतर राखायचे तर पाचच घ्यावी लागतात. दर मुलामागे महिना 600 रुपये धरले तर 6,000 ऐवजी 3,000 हाती येतात. खोलीचे भाडे व मदतनीस बाईचा पगार काही निम्मा होत नाही. त्यात एखाद्या मुलास ताप आला की दार बंद! लहानग्यांच्या तोंडावर मुखपट्टी टिकत नाही, हे ज्यांनी मुले वाढविली त्यांस सांगणे नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर तिची सक्ती नसावी असेच सांगितले होते.

एक वाट मात्र जुनीच आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वाडीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. उघड्या हवेत करोना बंद खोलीपेक्षा कमी पसरतो, हे आता सर्वमान्य आहे. आमच्या मते भाड्याच्या खोलीपेक्षा अंगणातला मांडव आणि एकाच आळीतील चार-पाच मुले, एवढ्यावरच साथीत आरंभ करावा. अर्थात पावसाळ्यात मांडव पुरत नाही, आणि दूधगंगेस पूर आला की कित्येकांचे अंगणच राहत नाही.

2023 मध्ये कर्नाटक सरकारने ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, या नावाने 4,000 ग्रामपंचायतींत पाळणाघरे काढण्याचे जाहीर केले, ती मुख्यतः रोजगार हमीवरील स्त्रियांसाठी. सदलगा मात्र ग्रामपंचायतीत मोडत नाही, तेथे नगराचा कारभार आहे. तेव्हा ही योजना त्याच्या वेशीबाहेरच थांबते.