खेळण्यांची मांडणी

तळोदा हा खानदेशातला लाकडाचा मोठा बाजार, आणि अख्ख्या खानदेशात उत्तम बैलगाड्या इथेच तयार होतात, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने करून ठेवली आहे. त्यात नवल नाही. पाठीशी सातपुडा, समोर तापीकाठचं काळं रान. डोंगरातून लाकूड खाली यायचं आणि रानात त्याची गाडी होऊन चालायची. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला आणि तळोदा त्यात आलं, तोवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने बैलगाडीची बरीच जागा घेतली होती. गाडी टिकली ती पोरांच्या हातात. ज्वारीच्या चिपाडातला मऊ गर आणि वरची चिवट साल, एवढ्याच भांडवलावर जू, साटी आणि चाकं असलेली बैलगाडी पोरं उभी करतात. खिळा नाही, डिंक नाही. सालीचं टोक गरात खोचलं की सांधा बसला. अशी गाडी संध्याकाळपर्यंत टिकली तरी पुष्कळ, कारण ती ठेवायला घरात जागा नसते आणि कुणाचा तरी पाय पडतोच.

जुन्या धाब्याच्या घरांत निदान कोनाडे होते. जाडजूड मातीच्या भिंतीत ठेवलेले, पण मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर, दिव्यासाठी आणि किल्ल्यांसाठी. खेळणी मांडली जायची ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. पायऱ्यापायऱ्यांच्या आराशीत बाहुल्या, सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं, भातुकलीची बोळकी ओळीने बसायची आणि पोरांनी हात लावायचा नाही, असा दंडक असायचा. हल्लीच्या काचेच्या शोकेसमध्येही तोच कायदा चालतो. पाहुण्यांना दाखवायला काचेमागे ठेवलेलं खेळणं हे खेळणं राहत नाही, असं माझं मत आहे, आणि त्यावरून ओळखीच्या घरांत माझे वादही झालेले आहेत.

अशा बंद कपाटांचं कुलूप काढण्याची गोष्ट बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसोरींनीच सांगून ठेवली आहे. रोममधलं त्यांचं पहिलं बालगृह १९०७ सालचं. तिथली साधनं सुरुवातीला कपाटात बंद असायची आणि शिक्षिका ती वाटायची. एक दिवस ती कुलूप लावायला विसरली आणि दुसऱ्या दिवशी उशिरा पोचली. पाहते तर मुलांनी आपापल्या आवडीची साधनं काढून काम सुरू केलेलं. तिला ती चोरी वाटली. मॉन्टेसोरींना वाटलं की मुलांना काय हवं ते नेमकं ठाऊक आहे. मग मोठ्या कपाटांच्या जागी बुटकी कपाटं आली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हीच पद्धत आदिवासी पोरांच्या अंगणात नेली, आणि महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, माती आणली. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या घरांना हा धडा रोमपेक्षा जवळचा आहे.

तर घरी करायची ती मांडणी. दार नाही, काच नाही, उंची तीन फूट. वरची फळीसुद्धा चार वर्षांच्या मुलाच्या हाताला लागली पाहिजे. खालचा खण फुटभर उंच ठेवावा. ट्रक, पोळ्याचे बैल, चेंडू असला जड आणि बोजड माल तळाशी. वरचे खण आठ-नऊ इंचांचे पुरतात.

लाकडाला सागाशिवाय दुसरं नाव या भागात सहसा कुणी घेत नाही. नवापूरच्या पलीकडे डांगचं जंगल आहे. तिकडचा माल बाजारात ‘वलसाडी’ म्हणून ओळखला जातो. वखारीतून नवं लाकूड घ्यायचं तर ते परवान्याचं आणि पावतीचं घ्यावं. रात्री स्वस्तात दारात येणाऱ्या सातपुड्याच्या सागाच्या वाटेला जाऊ नये. माझं मन मात्र जुन्या लाकडाकडे ओढतं. धाब्याची घरं पाडली की तुळया, खांब, कड्या विकायला निघतात. हा माल वर्षानुवर्षं सुकलेला असतो, त्यामुळे तो पुन्हा पिळवटत नाही. फक्त त्यात खिळे दडलेले असतात. मिस्तरी आधी खांबावरून लोहचुंबक फिरवतो, काळा डाग दिसेल तिथे पटाशीने उकरून पाहतो, आणि मगच लाकूड आऱ्यावर चढवतो. एक खिळा राहिला तर रंध्याच्या पात्याला दात पडतात आणि पुढची प्रत्येक फळी रेघाळलेली निघते. कडेचा पांढरट भाग काढून टाकायला सांगायचं. वाळवी लागत नाही ती सागाच्या गाभ्याला. पांढऱ्या भागाला ती खुशाल लागते.

हिशोब घनफुटाचा. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले १४४. तीन फूट रुंद, तीन फूट उंच आणि दहा इंच खोल मांडणीला दोन बाजू आणि चार फळ्या लागतात. एक इंची मालात हे सव्वा घनफूट होतं. कापातली तूट धरून दीड घनफूट सांगावं. रंधून फळी सहा सुतांवर, म्हणजे पाऊण इंचावर येते. दहा इंची एकसंध फळी मिळाली नाही तर पाच-पाच इंचांच्या दोन पट्ट्या फेव्हिकॉल लावून क्लॅम्पमध्ये रात्रभर आवळून ठेवतात.

खरी कारागिरी खाचेत. दोन्ही बाजू शेजारी शेजारी आडव्या ठेवून गुण्याने एकदमच रेघा मारायच्या, म्हणजे डावी-उजवी चुकत नाही. करवतीने रेघेच्या आतून दोन काप, मधलं लाकूड पटाशीने दोन सुतं खोल काढायचं. फळी खाचेत हाताने दाबून बसली पाहिजे. हातोडा मारावा लागला तर खाच अरुंद, आपोआप सरकली तर सैल. अशी बसलेली फळी खेळण्यांचा भार लाकडावर घेते, स्क्रूवर नाही. हवामानाचाही प्रश्न इथेच सुटतो. नंदुरबारचा मे चाळीस अंशांच्या वरचा आणि श्रावणात भिंतीला ओल. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. या रचनेत बाजू आणि फळ्या दोन्हींची रुंदी भिंतीकडून खोलीकडे जाते, म्हणून सगळं सोबत फुगतं आणि सोबत आटतं. पाठीमागे वरखाली एकेक आडवी पट्टी ठोकली की मांडणी तिरकी होऊन डुगडुगत नाही. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाचा कठडा ठेवला तर गोट्या घरंगळत नाहीत. कोपरे रंध्याने मारून पॉलिश कागदाने गोल करायचे. पोरांचं डोकं नेमकं त्याच उंचीवर असतं.

रंगाच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नये, डब्यावरचं वाचावं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. सागाला रंगाची गरजच नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने तीन-चार हात दिले की पुरे. जवसाचं तेल लावायचं असेल तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवावेत.

आता भिंत. ही मांडणी रिकामीच सतरा-अठरा किलोंची असते, आणि प्रत्येक मूल कधी ना कधी तिच्यावर पायरीसारखं चढतं. आयकिया कंपनीने जून २०१६ मध्ये अमेरिकेत खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली होती. विटांच्या भिंतीत गिट्टी बसवून, वरच्या पट्टीतून दोन लांब स्क्रू गेलेच पाहिजेत. डोंगरातल्या बांबूच्या कुडाला स्क्रू धरत नाही. तिथे मांडणी घराच्या खांबालाच टेकवून पट्टीने आवळायची. मातीच्या जमिनीवर ती थेट ठेवू नये. ओल आणि वाळवी दोन्ही तळातून चढतात. चार दगडी चकत्या खाली सारल्या की झालं.

एक खर्च आधीच करून ठेवण्यासारखा आहे, तो म्हणजे मधला उभा दांडा. तीन फुटांची पाऊण इंची फळी बाहुल्या आणि गाड्या बिनतक्रार पेलते. पण तीच मांडणी पाच-सहा वर्षांनी पुस्तकांची होणार, आणि पुस्तकांचं वजन वेगळंच. तेवढ्याच वजनाला फळीची लांबी दुप्पट झाली तर बाक आठपट होतो. म्हणून दीड फुटावर दांडा हवा. नंतर बसवायचा म्हटलं तर सगळी मांडणी उसवावी लागते, आणि मिस्तरी नवी करायचेच पैसे सांगतो.