बारावीच्या गुणांआधी आजोबांचा दाखला



नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या वसतिगृहात अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या पुढील प्रवेशाचे काम मी पाहतो. “मुलांसाठी कोणती पुस्तके पाठवू?” असे आपल्यापैकी अनेक जण विचारतात. पुस्तके हवीच आहेत. पण माझ्या पाहण्यात आमच्या मुलांची जागा गुणांइतकीच कागदांमुळेही जाते. म्हणून या अंकात दोन्हींविषयी लिहितो.

जमातीचा दाखला आणि वैधता

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडून मिळणारा जमातीचा दाखला पुरेसा नाही. तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. ते वेळेत नसेल, तर मूल खुल्या गटात ढकलले जाते. म्हणून अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करावा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

समिती जुना पुरावा पाहते. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला, त्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदीला फार वजन असते. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद यांपैकी काहीही चालते. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडाची वैधता असेल, तर तिची प्रत वंशावळीसह जोडावी.

जुन्या नोंदीत ‘भिल्ल’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘पावरा’ दिसले की पालक घाबरतात. जमातींच्या यादीत ही दोन्ही नावे एकाच क्रमांकाखाली आहेत. कोकणा, कोकणी, कुकणा यांचेही तसेच.

विश्वासी पालक आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात: “आम्ही ख्रिस्ती, मग मुलाचा दाखला जाईल का?” अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे; जमातींच्या आदेशात ती नाही. म्हणून धर्म लपवू नये, विचारल्यास खरे सांगावे. दक्षता पथक घरी येऊन कूळ, चालीरीती, सोयरीक विचारते. तेव्हा मुलांनी आजीजवळ बसून आपले कूळ आणि बोली जाणून घेतलेली बरी. मात्र केवळ या चौकशीवर सारे ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि हो, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला आदिवासी विद्यार्थ्याला लागत नाही. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत.

परीक्षेची तयारी

इंजिनिअरिंगसाठी सीईटी, डॉक्टरकीसाठी नीट. दोन्हींची रीत वेगळी आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ कापला जातो. तिथे अंदाजाने ठोकू नये.

सीईटीच्या गणितात ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि वेळ ९० मिनिटे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. अकरावीची पुस्तके रद्दीत देणाऱ्या मुलांना मी हे दरवर्षी सांगतो. ही परीक्षा संगणकावर होते. ज्या मुलीने कधी माऊस धरला नाही, तिची पहिली दहा मिनिटे त्यातच जातात. आम्ही दर शनिवारी वसतिगृहातील दोन जुन्या संगणकांवर पाळीपाळीने सराव घेतो.

नीटचा पेपर मराठीतही घेता येतो. पण पुढचे शिक्षण इंग्रजीत असते. म्हणून मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द लिहायची सवय आम्ही लावतो.

प्रवेशानंतर

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते यांवरील नाव एकसारखे हवे आणि खाते आधारशी जोडलेले हवे. नाहीतर मंजूर रक्कमही अडकते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ‘स्वयम’ योजनेसाठी प्रकल्प कार्यालयात विचारावे.

आपण काय करू शकता

मंडळीच्या जुन्या नोंदवह्या उघडा. बाप्तिस्म्याच्या नोंदीने जमात सिद्ध होईलच असे नाही, पण आजोबांचे नाव, गाव आणि साल कळते आणि कोणत्या शाळेत शोधायचे ते उमगते. जुन्या मिशन शाळांची रजिस्टरे कुठे कपाटात असतील, तर वाळवीपासून वाचवा. एका पानावर एका घरातील चार मुलांचे शिक्षण अवलंबून असू शकते.

निवृत्त शिक्षकांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी चालू स्थितीतील संगणक किंवा परीक्षा केंद्रापर्यंतचे एसटीचे भाडे द्यावे.

यंदा आमची अकरा मुले बारावीला आहेत. त्यांपैकी चौघांची वैधता अजून यायची आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि आपल्या गावातील अकरावीच्या मुलाला आजच विचारा: “आजोबांचा दाखला काढलास का?”