सांताक्लॉजखालचं नाव

विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतली हॉटेलं, बँका, पेट्रोल पंप नाताळच्या सुमारास गिऱ्हाइकांना शुभेच्छा छापलेली मॅचबुकं फुकट वाटत. पुठ्ठ्याच्या घडीत पिनेनं अडकवलेल्या, बहुधा वीस कागदी काड्या. जोशुआ प्युसी या वकिलाला मॅचबुकाचं पेटंट १८९२ मध्ये मिळालं, पुढे डायमंड मॅच कंपनीनं ते घेतलं आणि धोक्याची म्हणून आतली घासपट्टी बाहेर आणली. संग्राहक या नाताळी मॅचबुकांत चित्रं शोधतात. माझ्या मते खरा ऐवज चित्राखालच्या नावात आहे. चित्रं बहुतेक तयार साच्यातली असत. तोच सांताक्लॉज, तीच घंटा, खाली फक्त दुकानाचं नाव बदलायचं. म्हणून ‘हे चित्र आहे माझ्याकडे’ असं म्हणून दुसरी प्रत टाकून देणारा संग्राहक चित्र राखतो आणि पुरावा घालवतो. गावातल्या एखाद्या छोट्या गॅरेजचं नाव, पत्ता, फोन नंबर यांची छापील खूण कधीकधी एवढीच उरलेली असते.

यावर कोणी म्हणेल, की साल नसलेल्या कागदाला पुरावा कसला म्हणायचं? नाताळच्या कव्हरवर साल क्वचितच असतं. उरलेला माल पुढच्या वर्षी खपवायचा तर साल न घातलेलंच बरं. पण साल नसलं तरी काळ काढता येतो. अमेरिकेत झिप कोड १९६३ मध्ये आला. घासपट्टी पुढून मागे गेली ती १९७० च्या दशकात, सुरक्षेसाठी. झिप कोड आहे आणि पट्टी पुढे आहे, असं कव्हर या दोन टोकांमध्ये बसतं. उलट तर्क मात्र चालत नाही: झिप कोड नाही म्हणून कव्हर १९६३ पूर्वीचं ठरत नाही, कारण जुना मजकूर तसाच पुन्हा छापून घेणारे दुकानदार सगळीकडेच असतात.

खरी अडचण जपणुकीची आहे. काड्यांच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, पट्टीत तांबडा फॉस्फरस. असा साठा घरात नको आणि टपालातही तो सहजासहजी चालत नाही. म्हणून संग्राहक पिन काढतात, काड्या टाकतात, कव्हर सपाट करून अल्बममध्ये लावतात. वस्तूच मोडली, हा त्यावरचा आक्षेप साध्या मॅचबुकाला फारसा लागू नाही, कारण तिथे मजकूर सगळा कव्हरवर असतो. लायन मॅच कंपनीच्या ‘फीचर’ मॅचबुकात मात्र चित्र रुंद काड्यांवरच छापलेलं असे. तिथे काड्या काढणं म्हणजे निम्मं पान फाडणं. ती मॅचबुकं अख्खी, पत्र्याच्या डब्यात, उष्णतेपासून दूर ठेवावीत. आणि अल्बममध्ये नीट बसावं म्हणून घासपट्टी कापून टाकण्याची जुनी सवय तर सर्वांत वाईट. काळ सांगणारी पट्टी तर जातेच, शिवाय छापणाऱ्या कंपनीचं नाव बहुधा तिच्याजवळच बारीक अक्षरात असतं, तेही कात्रीखाली जातं. जुना अल्बम विकत घेणाऱ्यानं सांताक्लॉजकडे नंतर पाहावं; आधी कव्हरची खालची कड तपासावी.