नायजर: बुंध्यातून परतलेली झाडे

नायजरच्या दक्षिणेकडील मारादी आणि झिंदेर या भागांत वस्ती मुख्यतः हौसा शेतकऱ्यांची. बाजरी-ज्वारीची शेती, तीही निव्वळ पावसावरची. शेतात झाडे राखण्याची चाल तिथे जुनीच होती. फ्रेंच राजवटीत १९३५ च्या कायद्याने झाडांवर सरकारचा हक्क बसला आणि १९६० च्या स्वातंत्र्यानंतरही तो उठला नाही. शेत शेतकऱ्याचे, पण त्यातले झाड सरकारचे. फांदी छाटली तरी वनरक्षक दंड करी. मग झाड राखायचे कोणासाठी?

१९६८ ते १९७३ च्या दुष्काळाने या उघड्या शिवाराची दैना केली. वाऱ्याने उडालेल्या वाळूखाली कोवळी रोपे गाडली जात आणि एकाच हंगामात तीन-तीन वेळा पेरणी करावी लागे. सरपणासाठी बायकांची पायपीट वाढली. शेण चुलीत जाऊ लागल्याने शेताचे खत तुटले. रोपवाटिकेतली रोपे आणून लावण्याचे सरकारी उपक्रम झाले, पण बहुतेक रोपे वाळून गेली.

१९८३ च्या सुमारास मारादीजवळ काम करणारे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाउडो यांचे लक्ष शेतांतल्या झुडपांकडे गेले. ती झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांचे फुटवे होते. मुळे जमिनीखाली जिवंत होती. एका बुंध्याचे चार-पाच सरळ, जोमदार कोंब राखायचे, बाकीचे छाटायचे, खालच्या फांद्या काढायच्या आणि छाटणीचे सरपण घरी न्यायचे, एवढीच ही पद्धत. ना रोपे, ना पाणी, ना मोठा खर्च.

तरी ती सहज रुजली नाही. १९८४ च्या टंचाईत झाडे राखणाऱ्यांना धान्य दिले गेले. ते थांबताच अनेकांनी कुऱ्हाड चालवली. ज्यांनी हात आवरला त्यांच्या शेतातला फरक शेजाऱ्यांनी पाहिला. स्थानिक वनाधिकाऱ्यांनीही कायदा सैल सोडला. खरा पेच चोरीचा आणि चराईचा होता. तो कित्येक ठिकाणी गावसमित्यांनी सोडवला: गावप्रमुख, बायका आणि फुलानी गुराखी यांना बसवून नियम ठरले, मोडणाऱ्याला दंड बसू लागला. गुराख्यांना वगळून केलेली बंदी टिकली नसती.

२००० नंतर हवाई आणि उपग्रह छायाचित्रांची तुलना झाली, तेव्हा सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परतल्याचे दिसले. झाडांची संख्या २० कोटींच्या घरात असावी असा अंदाज निघाला. सर्वाधिक राखला गेला ‘गाओ’. बाभळीच्या कुळातला हा वृक्ष पावसाळ्यात पाने गाळतो, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. जमिनीला नत्र मिळते आणि उन्हाळ्यात शेंगा गुरांना खायला मिळतात.

यातून दारिद्र्य हटले नाही. १९८० पासून देशाची लोकसंख्या चौपटीच्या आसपास गेली, वाटणीत शेते लहान झाली. भूमिहीनांच्या वाट्याला मोळीपलीकडे फारसे आले नाही. २००५ च्या अन्नटंचाईत मात्र झाडे असलेल्या गावांनी लाकूड विकून धान्य घेतले. राखलेल्या झाडांवरचा शेतकऱ्याचा हक्क सरकारने हुकूम काढून मान्य केला तो २०२० मध्ये, म्हणजे झाडे उभी राहून दोन-तीन दशके उलटल्यावर.